गाठ सापडल्यापासून पहिल्या सलाईनपर्यंत

स्तनाच्या कर्करोगाबद्दल आपल्याकडे जे बोललं आणि छापलं जातं, ते बहुतेक वेळा गाठीपाशी येऊन थांबतं. स्वतःच्या हाताने तपासा, लाजू नका, लवकर दाखवा. सल्ला खरा आहे, पण अपुरा आहे. बारामती तालुक्यातल्या सोमेश्वरनगर, करंजेपूल, वडगाव निंबाळकर या पट्ट्यातली एखादी शेतमजूर बाई किंवा कारखान्याच्या तळावर कोपीत राहणारी ऊसतोड कामगार बाई डोळ्यांसमोर आणली, की प्रश्न गाठीच्या पुढे सुरू होतो. बऱ्याच जणींना गाठ स्वतःच अंघोळ करताना लागलेली असते. ती दाखवणार कोणाला, तिथून पुढे कुठे जायचं, सोबत कोण येणार, त्या दिवसाच्या हजेरीचं काय आणि घरच्या गायीची धार कोण काढणार, या सवालांमध्ये महिने निघून जातात. आजार मात्र थांबून राहत नाही.

एकच तुलना करतो. 2022 च्या जागतिक अंदाजानुसार भारतात स्तनाच्या कर्करोगाच्या सुमारे 1 लाख 92 हजार नव्या रुग्ण आढळल्या आणि सुमारे 98 हजार स्त्रिया दगावल्या. त्याच वर्षी अमेरिकेत नव्या रुग्णांची संख्या आपल्यापेक्षा बरीच जास्त, पावणेतीन लाखांच्या आसपास होती. मृत्यू मात्र सुमारे 43 हजार. आजार तोच आहे आणि औषधंही बरीचशी तीच आहेत. आपल्याकडे निम्म्याहून अधिक जणींचं निदान होतं तेव्हा गाठ काखेत किंवा कातडीपर्यंत पोहोचलेली असते. त्यातच भारतातल्या रुग्ण स्त्रिया पाश्चात्त्य देशांतल्या रुग्णांपेक्षा सरासरी दहा वर्षांनी तरुण असतात. म्हणजे लेकरं अजून शाळेत आहेत आणि सासू-सासऱ्यांचं करायचंय, अशा वयात हे येतं.

खेड्यात या आजाराचं प्रमाण मुंबई-पुण्यापेक्षा कमी आहे, हेही खरं. त्यामुळे ‘हा शहरातल्या बायकांचा आजार’ ही समजूत टिकून राहते, आणि गावातल्या बाईला आपल्यालाही तो होऊ शकतो असं वाटत नाही. गाठ दुखत नाही हे तिला शुभलक्षण वाटतं. खरं तर स्तनातली कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. ती ‘दुधाची गाठ असेल’ म्हणून सोडून दिली जाते. कोणी झाडपाल्याचा लेप देतं, कोणी दृष्ट काढतं. सुई घालून तुकडा काढायचा विषय निघाला की घरातलं जाणतं माणूस म्हणतं, ‘लोखंड लागलं की पसरतं.’ या एका वाक्याने किती निदानं लांबली असतील याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. बायोप्सीने कर्करोग पसरत नाही. बायोप्सी न केल्याने त्याला पसरायला वेळ मिळतो.

तरी सगळा दोष अज्ञानावर टाकणं मला पटत नाही. नीरा-बारामती रस्त्यावरचा हा मुलूख मागासलेला नाही. नीरा डाव्या कालव्याने इथे शंभरहून अधिक वर्षांपूर्वी पाणी आणलं, सहकारी कारखान्याने पैसा आणला, शाळा-कॉलेजं आली. बारामतीत 2019 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पण याच तालुक्यात सुपे-मोरगावचा जिरायती पट्टा आहे, बागायतदाराच्या शेतात रोजाने खुरपणी करणारी बाई आहे आणि दर दिवाळीच्या सुमारास बीड, नगर, जतकडून येणाऱ्या ऊसतोड टोळ्या आहेत. इंदापूर तालुक्यातही भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगर अशा कारखान्यांभोवती हेच दृश्य दिसतं. दवाखाना अंतराने जवळ आला, तरी तिथे जायला लागणारा मोकळा दिवस या बायकांच्या हातात येत नाही.

ऊसतोड कामगार बाईचा हिशोब तर अगदी निराळा. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती नवरा-बायको मिळून एका कोयत्यावर घेतलेली असते. एकाने काम सोडलं की कोयता अर्धा होतो. खाडा पडला की मजुरी जाते, वर दंड बसतो. पहाटे अंधारात फडावर जायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत भरायच्या आणि कोपीत परतून चूल पेटवायची. यात ‘तालुक्याला जाऊन सोनोग्राफी करून ये’ हे सांगणाऱ्याने त्या दिवसाचे पैसे कोण देणार तेही सांगायला हवं.

आणखी एक अडचण आहे ती यादीची. गावपातळीवर आशाताई तीस वर्षांवरच्या प्रत्येक माणसाचा तपासणी अर्ज भरतात. त्यात स्तनात गाठ आहे का, बोंडातून रक्तमिश्रित स्राव येतो का, आकारात फरक पडलाय का, असे प्रश्न असतात. 2016 साली केंद्राने आखलेल्या कार्यक्रमानुसार तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तिन्ही कर्करोगांची तपासणी दर पाच वर्षांनी व्हायची आहे, आणि स्तनाची तपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविकेने हाताने करायची आहे. आखणी चांगली आहे. पण 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 30 ते 49 वयाच्या ज्या स्त्रियांनी स्तनाची तपासणी कधी तरी करून घेतली होती, त्यांचं देशभरातलं प्रमाण 0.9 टक्के निघालं. शंभरात एकसुद्धा नाही. ऊसतोड बाई तर दोन्ही याद्यांतून निसटते. तिच्या गावची आशाताई घरी जाते तेव्हा दाराला कुलूप असतं, आणि सोमेश्वरनगरच्या आशाताईच्या वहीत तिचं नावच नसतं. सहा महिने ती कोणाचीच नसते.

कर्करोगाचं भय या बायकांपर्यंत पोहोचलेलं नाही असं मात्र म्हणता येणार नाही. ते नको त्या वाटेने पोहोचलं. 2019 साली बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने केली. 82,309 स्त्रियांची पाहणी झाली, आणि त्यांपैकी 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. पाळीच्या, अंगावर पांढरं जाण्याच्या साध्या तक्रारी घेऊन गेलेल्या कित्येक जणींना ‘पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल’ असं सांगितलं गेल्याचं त्या काळात वारंवार पुढे आलं. ज्या अवयवाला काही झालं नव्हतं तो कर्करोगाच्या नावाने काढला गेला, आणि छातीतली गाठ तपासायला त्याच बायकांसाठी यंत्रणा उरली नाही. एकदा अशी फसवणूक झालेल्या बाईला आपण पुन्हा ‘कॅन्सरची तपासणी करून घ्या’ म्हणतो, तेव्हा ती दोन पावलं मागे सरकली तर नवल काय? तिचा विश्वास परत मिळवायला भित्तीपत्रक पुरणार नाही. त्यासाठी ओळखीचं माणूस लागेल.

साध्या हातांनी काय साधतं, याचा फार मोठा पुरावा महाराष्ट्रातच आहे, आणि त्याचा आपल्याला पुरेसा अभिमान नाही. टाटा स्मारक रुग्णालयाने 1998 साली मुंबईच्या वस्त्यांमध्ये एक प्रयोग सुरू केला. डॉ. इंद्रनील मित्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या या अभ्यासात 35 ते 64 वयाच्या दीड लाखांहून अधिक स्त्रिया होत्या. डॉक्टर नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तनाची तपासणी केली, अशा चार फेऱ्या झाल्या. निकाल 2021 मध्ये प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या गटात पुढच्या टप्प्यांतले कर्करोग 37 टक्के निघाले, तपासणी न झालेल्या दुसऱ्या गटात 47 टक्के. पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्या वयात अशी घट दिसली नाही, आणि सगळ्या वयांची मिळून जी घट दिसली ती संख्याशास्त्राच्या कसोटीवर पक्की ठरली नाही. हे सांगायलाच हवं, कारण या पुराव्याची किंमत त्याच्या प्रामाणिकपणात आहे. मॅमोग्राफीचं यंत्र तालुक्यात नाही म्हणून काहीच करता येत नाही, या सबबीला मात्र इथे जागा उरत नाही.

त्या प्रयोगातल्या एका गोष्टीकडे शिबिरं भरवणाऱ्यांचं हमखास दुर्लक्ष होतं. संशयित स्त्री रुग्णालयापर्यंत पोहोचावी, तिची पुढची तपासणी व्हावी, उपचार मिळावेत, हा त्या कामाचाच भाग होता. तपासून चिठ्ठी हातात देऊन ते लोक निघून गेले नाहीत. बार्शीचं उदाहरणही असंच आहे, आणि इंदापूरच्या पूर्वेकडच्या गावांना बार्शी पुण्यापेक्षा लांब नाही. तिथल्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाने 1987 साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू केली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या 346 गावांत कार्यकर्ते जात, सरपंच, शिक्षक, जुन्याजाणत्या बायका यांच्याशी बोलत, लक्षणं समजावत आणि संशयित माणसाला रुग्णालयापर्यंत आणत. काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्ण आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यात येऊ लागल्या. त्या वेळी तिथे नवं यंत्र आलेलं नव्हतं. माणसांचं येणं-जाणं मात्र वाढलं होतं.

याच्या उलट, 2025 च्या मार्चमध्ये हिंगोली जिल्ह्यात ‘संजीवनी’ मोहीम झाली. सुमारे 2 लाख 93 हजार स्त्रियांकडून प्रश्नावली भरून घेतली, साडेचौदा हजार जणींमध्ये संशयास्पद लक्षणं आढळली, आणि विधिमंडळात माहिती दिली गेली तोवर खात्रीने कर्करोग निघालेल्या मोजक्या डझनभर होत्या, त्यांत स्तनाचा एक. वर्तमानपत्रांचे मथळे साडेचौदा हजारांच्या आकड्यावर गेले आणि घराघरांत धसका बसला. मी या मोहिमेला वाईट म्हणत नाही. एवढ्या बायकांशी कोणीतरी बोललं हे मोठं काम आहे. पण प्रश्नावलीत ‘हो’ म्हटलेल्या बाईचा तपास आठ-पंधरा दिवसांत लागला नाही, तर तिच्यासाठी ते नुसतं भय ठरतं. पुढच्या वर्षी ती ‘नाही’ म्हणायला शिकते.

जागतिक आरोग्य संघटनेने 2023 च्या आराखड्यात स्तनाच्या कर्करोगासाठी तीन कसोट्या ठरवल्या. किमान 60 टक्के रुग्णांचं निदान पहिल्या दोन टप्प्यांत व्हावं, दाखवल्यापासून 60 दिवसांत निदान पूर्ण व्हावं, आणि 80 टक्के रुग्णांनी उपचार शेवटापर्यंत घ्यावेत. मला यातली मधली कसोटी सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि आपल्याकडे तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. सोमेश्वरनगरच्या बाईचे 60 दिवस कसे जातात ते पाहा. प्राथमिक आरोग्य केंद्रातून बारामती. तिथे सोनोग्राफी, मग सुईची तपासणी, अहवालाला थोडे दिवस. अहवालात कर्करोग निघाला तर आणखी एक तपासणी, कारण गाठ हार्मोनला दाद देणारी आहे की नाही यावर औषध ठरतं. मग पुणे, तिथे आजार कुठवर पसरलाय त्याचे स्कॅन. प्रत्येक पायरीवर नवी खिडकी, नवा केसपेपर, नवे डॉक्टर. एखाद्या पायरीवर ‘परवा या’ म्हटलं की तो परवा ऊस गेल्यावर उगवतो, नाहीतर पोरीचं लग्न उरकल्यावर.

पैशाची बाजू पूर्वीपेक्षा बरीच सुधारली आहे, हे मोकळेपणाने मान्य करायला हवं. 2012 साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, 2017 मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं, आणि आता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. शस्त्रक्रिया, किमो, रेडिएशन त्यात बसतात. योजनेतल्या रुग्णालयात मदतीला आरोग्यमित्र असतो. तरीही रुग्णालयात दाखल होण्याआधीच्या तपासण्यांचा खर्च अनेकदा घरातूनच होतो, आणि प्रवास, राहणं, बुडालेली मजुरी हे कुठल्याच योजनेत येत नाही. रेशनकार्डावर नाव एक आणि आधारवर दुसरं, एवढ्यावरूनही फाईल अडते. सासरच्या कार्डावर नाव चढलेलं नाही आणि माहेरच्या कार्डावरून कमी झालंय, अशा बाया खेड्यात काही थोड्या नाहीत. मार्च 2023 पासून एसटीत स्त्रियांना अर्धं तिकीट आहे, त्याचा खरा उपयोग होतो. पण सोबत येणाऱ्या भावाला पूर्ण तिकीट लागतं, आणि एकटीने पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात शिरायची हिंमत किती जणींची होईल?

इथेच मला जे म्हणायचंय ते येतं. या बाईला सगळ्यात जास्त कमी आहे ती सोबतीची. एकाच माणसाने तिला पहिल्या चिठ्ठीपासून पहिल्या सलाईनपर्यंत न्यावं. त्याच्या फोनमध्ये तिचा नंबर असावा आणि तिच्या फोनमध्ये त्याचा. अहवाल आला का हे त्याने विचारावं, कागद आधीच जुळवून ठेवावेत. तारीख चुकली तर त्याने घरी यावं आणि रागावू नये.

ही कल्पना जगाला एका सरकारी रुग्णालयातल्या शल्यविशारदाने दिली. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये डॉ. हॅरल्ड फ्रीमन यांनी 1964 ते 1986 या काळातल्या 606 रुग्णांची माहिती पाहिली. बहुतेक जणी गरीब, कृष्णवर्णीय, निम्म्यांकडे विमा नाही, निम्म्या शेवटच्या टप्प्यांत आलेल्या. पाच वर्षांनी हयात राहिलेल्यांचं प्रमाण 39 टक्के होतं. त्यांनी मोफत तपासणी सुरू केली आणि 1990 पासून प्रत्येक संशयित स्त्रीला एक वाटाड्या दिला, शक्यतो त्याच वस्तीतला. 1995 ते 2000 या काळातल्या रुग्णांमध्ये ते प्रमाण 70 टक्क्यांवर गेलं. सगळं श्रेय वाटाड्यांचं नाही, मधल्या काळात औषधंही सुधारली आणि तपासणीही मोफत झाली. पण त्यांच्याशिवाय हे घडलं नसतं.

आपल्याकडे टाटा रुग्णालयाने टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस आणि टाटा ट्रस्ट्स यांच्या साथीने ‘केवट’ नावाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम सुरू केला. रामाला गंगेपार नेणाऱ्या नावाड्याचं हे नाव. शिकून तयार झालेले केवट मुंबईत परळच्या त्या रुग्णालयातल्या गर्दीत नवख्या रुग्णाला धरून पुढे नेतात. फार चांगलं काम आहे. पण ही सोबत परळला पोहोचल्यावर सुरू होते, आणि आपली बाई करंजेपुलाच्या स्टँडवरच मागे फिरते. तिच्यासाठी केवट गावात हवा. आशाताई हे करू शकतील का? मनाने नक्की, पण त्यांच्यावर आधीच इतकी कामं आणि इतक्या नोंदवह्या आहेत की आणखी एक ओझं विनामोबदला टाकणं अन्याय होईल. तालुक्याला दोन-तीन पगारी बायका, शक्यतो या आजारातून स्वतः उठलेल्या, फक्त एवढ्याच कामाला नेमल्या तर खर्च एखाद्या फिरत्या तपासणी गाडीच्या मानाने किरकोळ आहे. पुण्या-मुंबईत या आजारातून बऱ्या झालेल्या स्त्रियांचे मदतगट वर्षानुवर्षं चालू आहेत. बारामतीच्या बाईला मात्र ‘मलाही झालं होतं, बघ, उभी आहे मी’ असं सांगणारं तोंड जवळपास सापडत नाही, कारण गावात ज्यांना झालं त्या बोलत नाहीत. मुलीच्या सोयरिकीला अडचण येईल ही भीती त्यामागे असते.

कारखान्यांनीही यात उतरायला हवं. ऊसतोड कामगारांसाठीच्या गोपीनाथ मुंडे महामंडळाला कारखान्यांकडून टनामागे 10 रुपये द्यायचं ठरलं आहे. गाळप चालू असताना तळावर आरोग्यसेविकेने दोन-तीन संध्याकाळी कोपीकोपीत जाऊन तपासणी केली आणि संशयित बाईच्या तपासाच्या दिवसांची हजेरी या निधीतून भरली, तर मुकादमाची हरकत उरणार नाही. हंगाम संपून टोळी परतली की तिचा कागद बीडच्या किंवा पाथर्डीच्या आरोग्य केंद्राकडे पोहोचवायचा, हे कामही त्याच वाटाड्या बाईचं.

उपचार सुरू झाल्यावरही बाई गळू शकते, म्हणून खेपा कमी करणारं प्रत्येक संशोधन गरिबासाठी मोलाचं. रेडिएशन पूर्वी पाच आठवडे, रोज घ्यावं लागे. आता 15 दिवसांचा क्रम सर्वमान्य झाला आहे, आणि 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश अभ्यासात निवडक रुग्णांमध्ये पाच दिवसांचा क्रमही तितकाच चांगला ठरला. पुण्यात पाच आठवडे राहणं आणि एक-तीन आठवडे राहणं यात शेतमजूर घरासाठी घेणं न घेणं ठरतं, कारण लांबचा क्रम टाळण्यासाठी सगळा स्तनच काढून टाकण्याचा निर्णय कित्येकदा घरचे लोक घेतात. टाटाच्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या अभ्यासाने तर दाखवलं, की शस्त्रक्रियेच्या आधी गाठीभोवती भूल देण्याचं साधं, शंभरेक रुपयांचं औषध टोचलं तर पाच वर्षांनी हयात राहणाऱ्यांचं प्रमाण 86.4 वरून 90.1 टक्क्यांवर जातं. किमोसाठी दर 21 दिवसांनी पुणं गाठण्याऐवजी ती जिल्हा रुग्णालयात मिळावी, ही दिशा 2025-26 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात मान्य झाली आहे. बारामतीसारख्या ठिकाणी हे आधी व्हायला हवं.

हार्मोनला दाद देणाऱ्या गाठीसाठी टॅमॉक्सिफेनची गोळी रोज, किमान पाच वर्षं घ्यायची असते. गोळी स्वस्त आहे, पण बरं वाटायला लागल्यावर ती बंद होते. तोवर बाई पुन्हा फडावर गेलेली असते. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूचा हात सुजू शकतो. त्यावर दवाखान्यात सांगतात, वजन उचलू नका. मोळी उचलणाऱ्या बाईला या सल्ल्याचा उपयोग काय? 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात देखरेखीखाली हळूहळू वजन वाढवत नेल्याने सूज वाढली नाही, उलट त्रास कमी झाला. म्हणजे तिला काम करता येईल, पण थेट पूर्ण मोळीपासून सुरुवात करून नव्हे. हात हळूहळू तयार करून घ्यावा लागेल, आणि ते शिकवणारं माणूस लागेल. अधिक धोका उसाच्या पात्याने हातावर निघणाऱ्या बारीक चिरांचा आहे. त्यांतून जंतुसंसर्ग झाला की सूज एका रात्रीत वाढते आणि ताप चढतो. बायका साडीवरून नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून फडात उतरतातच. शस्त्रक्रिया झालेल्या बाजूच्या हाताला एक जाड हातमोजा, चिरा धुवायला साबण, आणि हात लाल झाला तर त्याच दिवशी फोन करायला एक नंबर, एवढं तिच्याकडे हवं.